मन्याडच्या काठानं सायकलवर

सायकल म्हणजे शाळकरी मुलींची, असं मीही धरूनच चालले होते. पण दिवाळीनंतरच्या एका रविवारी लेकीची सायकल काढली नि पाणंदीनं कंधारकडे निघाले. “या वयात?” सासूबाईंनी विचारलंच.

बालाघाटात उगम पावणारी मन्याड लातूर जिल्ह्यातून आमच्या नांदेडात येते नि पुढे मांजरेला मिळते. तिच्या खोऱ्यात चढ संपला की उतार, उतार संपला की चढ! डांबरी रस्ता सोडला की मुरूम लागतो. पावसाळ्यात मात्र जाऊ नका. काळी माती चाकाला अशी लपेटते, की सायकल हलत नाही. बाभळीचे काटे ठरलेलेच, तेव्हा पंक्चरचं सामान नि छोटा पंप जवळ हवा. मुरमाच्या उतारावर पुढचा ब्रेक करकचून दाबू नका. मी दाबला नि गुडघा फोडून घेतला!

मोठ्या चढावर उतरून सायकल ढकलत होते. कापूस वेचणाऱ्या बाया आधी हसल्या, मग एकीनं पाणी दिलं. “कुटं निगालाव, बाई?”

“कामाला नाही, अशीच.” असं उत्तर कितीतरी वर्षांत दिलं नव्हतं.

वर्गात मी राष्ट्रकूट शिकवते. पण त्यांच्या काळातल्या कंधारच्या भुईकोट किल्ल्याशी एकटी प्रथमच आले. खंदकाजवळ बसून भाकरी-ठेचा खाल्ला.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकत गुडघ्याला हळद लावली. म्हणाल्या, “पुढच्या खेपेला मागचा ब्रेक दाब.”