कोलशेतची मामी

आम्ही मूळचे मिरजेचे. १९८४ साली वडिलांना कोलशेत रोडवरच्या एका रासायनिक कारखान्यात फिटरची नोकरी लागली आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत बिऱ्हाड हलवायचं ठरलं. त्याआधी जागा बघून येणं भाग होतं. वडिलांनी एकट्याने जाऊन खोली ठरवून यावी, असं आजोबांचं म्हणणं होतं. आईने ते मानलं नाही. दिवसभर ज्या घरात मला राहायचंय ते मी बघितल्याशिवाय घ्यायचं नाही, एवढंच ती बोलली. धाकट्या भावाला दमा होता आणि तिला खरा घोर त्याचा होता. म्हणून मे महिन्यात आम्ही चौघंही निघालो.

महालक्ष्मी एक्सप्रेसने पहाटे कल्याण, तिथून लोकलने ठाणे, मग एसटीची शहर बस. (टीएमटी १९८९ सालची. तोवर ठाण्यात शहर वाहतूकही एसटीच करायची.) ठाण्याची महानगरपालिका होऊन अजून दोन वर्षंही झाली नव्हती. कापूरबावडी मागे पडल्यावर कारखान्यांच्या लांबच लांब भिंती, मधूनच भाताची खाचरं, आणि शेवटी गाव व खाडी. समुद्राच्या ओढीने उल्हास नदी इथे चांगलीच रुंदावलेली आहे. पलीकडच्या तीरावर भिवंडी तालुक्यातलं काल्हेर दिसतं. आम्हाला कृष्णा ठाऊक होती. दिवसातून दोनदा चढणारं आणि उतरणारं पाणी आम्ही कधी बघितलं नव्हतं.

गावात विचारत विचारत गेलो तेव्हा एका ओट्यावर सुकट निवडत बसलेल्या बाईंकडे कोणीतरी बोट दाखवलं. त्यांची मागची खोली रिकामी होती. खोली आईला आवडली. कौलारू, स्वच्छ, मागच्या दाराला खाडीचा वारा. भाडंही आम्हाला झेपणारं. वडिलांनी विसाराचे पैसे खिशातून काढलेसुद्धा. तेवढ्यात भावाला खोकल्याची उबळ आली आणि ती बाई त्याच्याकडे बघत राहिली. मग आईला म्हणाली, “पानी बगा पयलं. भारं मंग.”

कुठलं पाणी, ते आम्हाला कळेना. आईला वाटलं, नळाचं.

त्या दिवशी पौर्णिमा होती. बाईंनी आम्हाला दुपारपर्यंत थांबवून घेतलं. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं जेवायला घातलं; ज्वारीवर वाढलेल्या आम्हा पोरांना ती पांढरीशुभ्र, मऊ भाकरी फार नवलाची वाटली. जेवता जेवता त्यांनी आईला भरतीचा हिशेब शिकवला. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पुनवेला आणि अवसेला बाराच्या आसपास. खाडीत इतकं आत यायला पाण्याला आणखी थोडा वेळ लागतो. पुनव-अवसेचं ते उधाण. आमच्या घरात ‘कालनिर्णय’ एकादशी-चतुर्थीसाठी बघितलं जाई. त्यावरून पाणीही मोजता येतं, हे आईला त्या ओट्यावर कळलं.

दुपारी त्या आम्हाला मागच्या दारी घेऊन गेल्या. सकाळी जिथे चिखल होता आणि निवट्या उड्या मारत होत्या, तिथे पाणी आलं होतं. बघता बघता ते तिवरांच्या बुंध्यांना वेढून खोलीच्या जोत्यापासून हाताच्या अंतरावर येऊन थांबलं. हा मे आहे, बाईंनी समजावलं. आषाढात वरून पाऊस आणि खालून उधाण आलं की या भिंती पार दिवाळीपर्यंत सुकत नाहीत, छाती भरणाऱ्या पोराला इथे ठेवू नका.

त्या खोलीचं भाडं त्यांना हवं होतं, हे मला खूप नंतर समजलं. त्यांचे यजमान रेतीच्या होडीवर डुबी होते. खाडीच्या तळात रोवलेला वासा धरून बादलीसकट बुडी मारायची, तळाशी रेती भरायची आणि वरच्या माणसाने दोराने ती ओढून घ्यायची, असं ते काम. अशा हातांनी काढलेली रेती ठाण्या-मुंबईच्या इमारतींत गेली. त्यांचे कान कायम ठणकत, आणि पावसाळ्यात काम बंद पडलं की घर त्या भाड्यावर चाले. तरीही बाई त्याच दुपारी आमच्याबरोबर ढोकाळीला चालत आल्या. तिथे त्यांच्या नणंदेची चाळ होती, उंचावरची, कोरडी. आमची बाजू घेऊन नणंदेशी भांडल्या आणि डिपॉझिट निम्म्यावर आणलं. सकाळपर्यंत त्यांनी आम्हाला पाहिलेलंही नव्हतं.

जूनमध्ये आम्ही आलो. आईला सख्खा भाऊ नव्हता. त्याच वर्षी नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ अर्पण करून परतलेल्या त्या डुबी माणसाला तिने राखी बांधली. ते आमचे मामा झाले आणि त्या मामी. भावाचा दमा लगेच गेला नाही, पण शाळा बुडेनाशी झाली. आई अखेरपर्यंत याचं श्रेय डॉक्टरांच्या जोडीने मामीला देत असे, आणि मलाही ते पटतं.

ते कारखाने आता बहुतेक गेले. सँडोज या स्विस कंपनीचा रसायन विभाग १९९५ मध्ये वेगळा होऊन क्लॅरियंट झाला; पुढे कोलशेतची ती जमीन गृहसंकुलाला गेली. पोस्टाच्या पत्त्यात मात्र ‘सँडोजबाग’ टिकून आहे. रविवारी लांबून कुटुंबं सॅम्पल फ्लॅट बघायला येतात, २०२४ मध्ये खुलं झालेलं मोठं उद्यानही बघून जातात. ओळखीचं कोणी आलं तर मी आग्रहाने सांगते, पावसाळ्यात पौर्णिमेला एकदा परत या, आणि दुपारपर्यंत थांबा. हे सांगणं मी माझं कर्तव्य मानते.

२६ जुलै २००५ ला मामीच्या घरात पाणी शिरलं. आम्हाला नाकारलेली खोली खिडकीपर्यंत बुडाली. मामा तेव्हा हयात नव्हते. भाऊ गुडघाभर पाण्यातून गेला आणि सगळ्यांना ढोकाळीला घेऊन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मामीला काही द्यायची पाळी आमची आली होती, आणि आई त्या आठवड्यात दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखी वावरत होती. पण मामी येताना डोक्यावर तांदळाच्या पिठाचा डबा घेऊन आल्या होत्या. दुसऱ्या सकाळी आई उठायच्या आत त्यांनी चूल, म्हणजे आमचा गॅस, ताब्यात घेतला आणि दोन्ही घरांच्या भाकऱ्या थापल्या. आईने त्यांच्या हातातून परात ओढून घेतली. मामींनी ती सोडली नाही. शेवटी दोघी जणी एकाच परातीशी बसल्या.

नंतर मामीच्या थोरल्या मुलाने जुनं घर पाडून जोतं पुरुषभर उंच केलं. आई गेल्यापासून नारळी पौर्णिमेला त्याला राखी मी बांधते.