तोबियाचा कुत्रा आणि कृष्णेचा काठ

पवित्र शास्त्रात कुत्र्याच्या वाट्याला फारसा मान आलेला नाही. स्तोत्रकर्त्याने आपल्या वैऱ्यांना कुत्र्यांची उपमा दिली. कनानी स्त्रीने प्रभूपुढे दाखला दिला तो मेजाखालचा चुरा खाणाऱ्या कुत्र्यांचा. श्रीमंताच्या दाराशी पडलेल्या लाजराजवळ कुत्री आली ती त्याचे फोड चाटायला. मात्र तोबीताच्या पुस्तकात कुत्रा माणसाचा सोबती म्हणून येतो. तरुण तोबिया दूरच्या प्रवासाला निघतो, संगतीला अनोळखी वाटसरूच्या वेषातला राफाएल देवदूत असतो, आणि मागोमाग कुत्रा चालू लागतो. त्याचे नाव शास्त्रकर्ता सांगत नाही, त्याने काही पराक्रम केला असेही नाही. परतीच्या वाटेवर पुन्हा त्याचा उल्लेख येतो, एवढेच. देवदूत आणि कुत्रा एकाच वाटेने चालले, ही गोष्ट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते.

या पुस्तकाची पार्श्वभूमी सुखाची नाही. तोबीत हा निनवे नगरीत बंदिवासात राहणारा वृद्ध. ठार मारून टाकून दिलेल्या आपल्या बांधवांची प्रेते उचलून तो त्यांना मूठमाती देई. अशाच एका रात्री चिमण्यांची विष्ठा डोळ्यांत पडून तो आंधळा झाला. पुढे तैग्रीस नदीत तोबियावर एक मोठा मासा झेपावला, आणि त्याच माशाच्या पित्ताने बापाला दृष्टी परत आली. पाखरांनी दृष्टी नेली आणि नदीतल्या माशाने ती परत दिली. सृष्टी जखम करते आणि औषधही देते, हे या कथेइतके सरळ क्वचितच कोणी सांगितले असेल.

कृष्णाकाठी राहणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. महाबळेश्वरी उगम पावणारी ही नदी सातारा आणि सांगलीचा ऊसमळा पिकवते. तीच नदी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत घराघरांत शिरली. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ५७ फुटांवर गेले. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांची बोट उलटली आणि त्यांतले कित्येक परत आले नाहीत. पाठोपाठ २०२० साली कोरोनाची साथ आली. इस्लामपूरचे नाव मार्चमध्येच वर्तमानपत्रांत झळकले. तिसरा आघात जुलै २०२१ मधला. पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर दरडी कोसळल्या. ज्या डोंगराच्या आधाराने पिढ्या नांदल्या, तोच अंगावर आला.

अशा वेळी निसर्गात सांत्वन शोधा, असे कोणी म्हटले तर पूरग्रस्त माणूस विचारील, कोणता निसर्ग? हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. धर्मगुरूला तर मुळीच नाही.

टाळेबंदीच्या काळात आमच्या चर्चच्या आवारात एक तांबूस गावठी कुत्री येऊन राहिली. आचाऱ्याने तिला दोनदा हाकलले, तिसऱ्यांदा भाकरी घातली. रिकाम्या देवळात आम्ही एकटे मिस्सा अर्पण करीत असू, तेव्हा ती उंबऱ्याबाहेर बसे. अंत्यविधीस वीसहून अधिक माणसे नकोत असा त्या वेळी नियम होता. कित्येकदा चार-पाचच असत. ती कबरस्तानापर्यंत मागे येई आणि फाटकाशी थांबे.

त्याच सुमारास आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थांची पत्नी रुग्णालयात वारली. त्यांना तिचे मुखही पाहता आले नाही. पुढे रोज सायंकाळी ते देवळाच्या पायरीवर येऊन बसत. पुनरुत्थान, संतांची सहभागिता, नित्य जीवन, हे सारे आम्ही त्यांना सांगितले. ते खरे आहे, आमची त्यावर श्रद्धा आहे. पण ते मान हलवीत आणि गप्प राहत. कुत्री मात्र काही न बोलता त्यांच्या पायावर हनुवटी टेकून पडून राही. आठ-दहा दिवसांनी त्यांनी रुमालात अर्धी भाकरी बांधून आणली. तिच्यापुढे ती ठेवीत ते म्हणाले, “जेवलीस का गं?” कित्येक दिवसांत आम्ही ऐकलेला त्यांचा तो पहिला शब्द. त्या रात्री ते स्वतःही जेवले, असे त्यांच्या सुनेने सांगितले. पत्नीविषयी ते बोलू लागले त्यानंतर.

ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुके बसून राहिले. त्यांच्या हातून घडलेले सर्वांत चांगले कृत्य तेच होय. तोंड उघडल्यावर त्यांनी त्याचे दुःख वाढवलेच. पुढे खुद्द परमेश्वर वावटळीतून बोलला, तेव्हा त्याने दुःखाचे कारण सांगितले नाही. त्याने रानशेळी दाखवली, कावळ्याची भुकेली पिले दाखवली, घोडा आणि गरुड दाखवला. तुझ्या दुःखाहून सृष्टी मोठी आहे, आणि ती ज्याच्या हातात आहे त्याच्याच हातात तूही आहेस, असे जणू तो सुचवतो. हे उत्तर नव्हे, ही सोबत आहे.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर छत्रपती शाहू महाराजांची (१६८२–१७४९) समाधी आहे, तेथेच त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीही समाधी आहे. शिकारीच्या वेळी त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, असे परंपरा सांगते. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला होता. युरोपात संत रॉक यांच्या चित्रात तोंडात भाकर धरलेला कुत्रा असतो; प्लेगने आजारी होऊन रानात पडलेल्या संताला त्याने अन्न पुरवले, अशी कथा आहे. देश दोन, धर्म दोन; कृतज्ञता एकच.

मात्र येथे सावध राहिले पाहिजे. “माणसं उपाशी आहेत आणि फादर, तुम्ही कुत्र्याला भाकरी घालता?” असे एका मावशींनी आम्हांला स्पष्टच विचारले. प्रश्न रास्त आहे. ख्रिस्तसभेची धर्मशिक्षा दोन्ही बाजू सांगते: प्राण्यांशी दयेने वागणे हे माणसाचे ऋण आहे, पण माणसाच्या दुःखनिवारणासाठी लागणारे धन त्यांच्यावर उधळू नये, आणि माणसालाच देय असलेली माया त्यांना देऊ नये. ज्याच्या मनात मुक्या जिवाविषयी कणव जागी झाली, त्याची पावले शेजाऱ्याच्या दाराकडे वळली, तरच ती कणव खरी. त्या वृद्ध गृहस्थांनी पुढे दुसऱ्या एका विधुराच्या घरी डबा पोहोचवण्यास आरंभ केला, म्हणून हे सांगावेसे वाटते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास सांगितले. कास पठारावर त्याचा अर्थ कळतो. २०१२ साली जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या पश्चिम घाटाचा तो भाग. तेथे जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ आहे, मोठे झाड तेथे सहसा मूळ धरू शकत नाही. तरी पावसाळा सरताना त्याच मातीत तेरडा, गेंद आणि निळसर-जांभळी ‘सीतेची आसवे’ फुलतात. लोकांनी त्या फुलाला अश्रूंचे नाव दिले, यात मोठे शहाणपण आहे. दुःख पुसले गेले नाही, त्याला फूल आले.

आपल्या धर्मग्रामांतून आजही अशी घरे आहेत, जिथे २०१९ चा चिखल भिंतीवरून गेला पण मनातून गेला नाही. तेथे जाताना उपदेशाची घाई करू नये. तोबियाच्या कुत्र्यासारखे मागोमाग चालावे, शेजारी बसावे, जेवलात का म्हणून विचारावे. पुढचे काम सोबतच्या देवदूताचे आहे, आणि तो आपल्याआधीच वाटेला लागलेला असतो.