बिनपापणीचा डोळा

गिरगावातल्या आमच्या चाळीत खासगी असे काही उरतच नाही, अशी उपनगरांत राहायला गेलेल्या आमच्या नातेवाइकांची समजूत आहे. ती अगदीच खोटी नाही. कोणाच्या चकल्या मऊ पडल्या, ही वार्ता गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकाला पोचायला अजूनही चहा उकळण्याइतकाच वेळ लागतो. पण न पाहण्याची कलाही मी याच चाळीत शिकलो. शेजारी भांडण जुंपले, की दारावरून जाणारा माणूस नेमके त्याच वेळी समोरच्या कौलावरचे कबूतर न्याहाळू लागतो. आणि एखाद्याने फारच टक लावली, तर "काय हो नाना, काही हरवलंय का?" असे विचारता येते. पाहणाऱ्यालाही इथे तोंड असते, नाव असते.

संगणकावरच्या कॅमेऱ्याला यांतले काहीच नाही. त्याचे बालपण मात्र मोठे निरागस! १९९१ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संगणकवाल्यांनी पहिला असा कॅमेरा रोखला तो कॉफीच्या भांड्यावर. भांडे रिकामे असले तर उगाच हेलपाटा नको, एवढ्यासाठी.

२०२०च्या मार्चात टाळेबंदी आली आणि पुढे शाळाच घरात शिरली. माझी बहीण तेव्हा ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत राहत असे. खोली १६० चौरस फुटांची. भाचा वर्गात बसला, की त्याच्या पाठोपाठ दांडीवरची धुणी, खोकणारे आजोबा आणि कणीक तिंबणारी त्याची आई, अशी सारी मंडळी वर्गात बसत. चार दिवसांनी बहिणीने दोन खिळ्यांवर जुनी साडी ताणली. वर्ग सुटला, की ती कॅमेऱ्यावर एक टिकली चिकटवी. संगणकात शिरलेला एखादा चोर प्रोग्रॅम मालकाच्या नकळत कॅमेरा उघडू शकतो, हे भाच्यानेच तिला सांगितले होते. आम्ही हसलो. ती म्हणाली, "२०१६ सालचा तो फोटो पाहा. फेसबुकवाल्या झुकरबर्गच्या टेबलावरच्या संगणकालाही चिकटपट्टी आहे!" हलवाईच आपली मिठाई झाकून ठेवतो म्हटल्यावर गिऱ्हाइकाने काय समजायचे?

टिकलीने कॅमेरा झाकतो. पण आपण होऊन वाटलेल्या फोटोंचे काय? २०२२च्या जानेवारीत, समाजमाध्यमांवर स्वतःच टाकलेली अनेक मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे उचलून कोणी त्यांच्या 'लिलावा'चे किळसवाणे नाटक मांडले. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने पकडलेली मुले विशीच्या आसपासची निघाली. चांगली शिकणारी! २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. पण भलत्याच्या हाती गेलेला फोटो कोणत्या न्यायालयाने परत आणून द्यावा?

नरकचतुर्दशीला पहाटे बाळाला उटणे लावताना फोटो काढायची आमच्याकडे जुनी चाल. पूर्वी तो फोटो अल्बममध्ये, अल्बम कपाटात आणि किल्ली आईच्या कमरेला. फार तर नव्या सुनेला दाखवून मुलाला लाजवायचे. आता मोरीतले पाणी निथळायच्या आत तो साठ-सत्तर मोबाइलांत जातो. तिथून पुढे कुठे, ते कोणालाच ठाऊक नाही.

यंदा आईने फर्मान काढले आहे, की मोरीच्या उंबऱ्याआत मोबाइल आणायचा नाही. धाकटा कुरकुरला, तेव्हा तिने विचारले, "बाळाला विचारलंस का?" बाळ दीड वर्षाचे आहे. ते नीट बोलू लागेपर्यंत थांबायचे ठरले आहे.