चिठ्ठी आणि घाट

माझे वडील अनेक वर्षे बेळगावहून गोव्याला मालमोटार नेत असत. निघताना मालक चिठ्ठीवर वाट लिहून देई : चोर्ला घाट, साखळी, म्हापसा. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की चिठ्ठी खिशातच राही. बाबा समोरून येणाऱ्या चालकांना विचारीत. कुणी अनमोड सांगे, कुणी आंबोली. माल पोहोचे.

घरात एवढे शहाणपण असूनही संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला मी नेमके उलटे केले. मुख्य इमारत, ग्रंथालय आणि वसतिगृह येथे एकेक राउटर होता. प्रत्येकाची तार उरलेल्या दोघांना जोडलेली. कुठला निरोप कुठल्या शेजाऱ्याकडे सोपवायचा, हा तक्ता भरण्याचे काम सरांनी मजकडे दिले. मी सगळ्या वाटा हाताने लिहिल्या. यालाच स्टॅटिक राउटिंग म्हणतात.

"डायनॅमिक का नको?" सरांनी विचारले.

"तीनच तर घरे, सर! वाट बदलणार कशाला?" मी ऐटीत म्हणालो.

जुलैतल्या एका संध्याकाळी गटार खणताना वसतिगृहाची मुख्य इमारतीकडची तार तुटली. मी गावी गेलो होतो. त्याच रात्री शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपत होती. ग्रंथालयावरून जाणारी वाट शाबूत होती. पण माझ्या तक्त्यात ती नव्हती, आणि तक्त्याला स्वतःहून काही सुचत नाही. पावसात मोबाइललाही रेंज नव्हती. माझ्या एका मित्राचा अर्ज राहिला. "असू दे रे," एवढेच तो म्हणाला. तेच अधिक लागले.

मग सरांसोबत बसून ओएसपीएफ बसविले. यात राउटर शेजाऱ्याला सहसा दर 10 सेकंदांनी 'मी आहे' म्हणून कळवितो. 40 सेकंद काहीच ऐकू आले नाही, तर शेजारी गेला असे समजून ती बातमी सर्वत्र जाते, आणि प्रत्येकजण डायक्स्ट्रा यांनी 1959 साली प्रसिद्ध केलेल्या रीतीने कमी खर्चाची वाट नव्याने काढतो. जुनी 'रिप' रीत नुसते टप्पे मोजते. 15 टप्प्यांपलीकडचे गाव तिच्या लेखी नाहीच.

तरी स्टॅटिकला नावे ठेवू नयेत. आमच्या प्रयोगशाळेला बाहेर पडायला एकच दार आहे; तेथे हाताने लिहिलेली वाटच बरी. डायनॅमिकला राउटरची स्मृती व श्रम अधिक लागतात, शिवाय एकाने चुकीची बातमी दिली तर सारेच भरकटतात. खरे सांगायचे, तर त्या रात्री डायनॅमिकवाचूनही भागले असते. कमी पसंतीची दुसरी वाट दोन्ही बाजूंच्या तक्त्यांत आधीच लिहून ठेवता आली असती. चूक चिठ्ठीची नव्हती. एकच वाट लिहिणाऱ्याची होती.

यंदा मित्राचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून मुदतीच्या आठ दिवस आधी भरला. बाबांना सारी हकीकत सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "चिठ्ठी घेऊन निघावं, बाळ, पण घाटाखाली गाडी थांबवून विचारावं."