लेबल न वाचलेला मेसेज

सत्तावीस वर्षे मी गावोगाव एकच गोष्ट सांगत आलो. बियाण्याची पिशवी घेताना आधी टॅग बघा. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, त्यावर लॉट नंबर, तपासणीची तारीख, मुदत आणि उगवणशक्ती छापलेली असते. सोयाबीनची उगवण सत्तर टक्क्यांखाली असेल तर पिशवी परत करा. आणि एवढे करूनही घरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून तपासा. हे सांगताना माझा आवाज जरा चढतोच, साहेब म्हणवून घेणाऱ्याचा चढतो तसा.

त्याच साहेबाने २०२२ च्या पावसाळ्याच्या तोंडावर मोबाइलवर आलेला एक मेसेज दोनशे शेतकऱ्यांच्या ग्रुपवर पुढे ढकलला. साप चावल्यास अमुक गोड गोळ्या दहा-दहा मिनिटांनी तीन वेळा जिभेवर ठेवा, विष उतरते, दवाखान्याची गरज नाही, असा तो मजकूर होता. खाली लिहिले होते, 'एक तरी जीव वाचेल, पुढे पाठवा.' कोणी लिहिले, कधी लिहिले, कोणत्या रुग्णांवर तपासले, काही नाही. मी चहा पीत होतो. बोट लावले आणि विसरलो.

त्याचे असे झाले, की दादांनी तो मेसेज मनावर घेतला. धाकट्या भावाने पाठवलेला, त्यात तो बीएस्सी ॲग्री! तालुक्याहून गोळ्यांची बाटली आणून त्यांनी देवळीत ठेवली. जुलैत एका पहाटे पुतण्या पोट दुखते म्हणून उठला, ओकला. रात्रीचे काही बाधले असेल असे सगळ्यांना वाटले. तो जमिनीवर झोपला होता. वहिनींनी अंथरूण झटकले, तेव्हा काळी, पांढऱ्या कड्यांची मण्यार निघाली.

दादांनी बाटली काढली. पोराच्या अंगावर सूज नव्हती, जखमही धड दिसेना. तीन वेळा गोळ्या झाल्या. पोर बोलत होते, म्हणून गुण आला असे वाटले. दीड तास गेला. मग त्याच्या पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजींचा मेसेज राहू द्या तिकडं, पोराला गाडीत घाला."

तालुक्याला सर्पदंशाची लस सुरू झाली, तिथून मोठ्या दवाखान्यात हलवले. चार दिवस पोर श्वासाच्या मशीनवर होते. वाचले. बाहेरच्या बाकावर वहिनी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला समजावले. मण्यारीचे दात बारीक, दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही. विष नसांवर काम करते. आधी पापण्या, मग बोलणे, मग श्वास. लस रक्तात मोकळे असलेले विष बांधते, पण नसांना आधीच झालेली इजा लस पुसत नाही, ती भरून यायला वेळ लागतो. म्हणजे गेलेला दीड तास परत मिळत नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. हात किंवा पाय न हलवता तडक दवाखाना गाठावा, १०८ ला फोन करावा.

मी विचारले, "मग त्या गोळ्यांनी माणसे बरी झाली, असे लोक सांगतात ते?" त्या म्हणाल्या, पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. मला आमचा टॉनिकवाला आठवला. पाऊस चांगला झाला, की पीक त्याच्या बाटलीने आलेले असते.

आता पुतणीला शेजारी बसवून मी मोबाइलवर शोधतो. इंग्रजी ती वाचते. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असेल तर पान सरकारचे. जागतिक आरोग्य संघटनेचे पान वेगळे. तिने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा केंद्राचा आराखडा मार्च २०२४ चा, तोही आम्ही तिथेच पाहिला. लिहिणारा कोण, तारीख कोणती, आणि त्याच पानावर औषध विकायला ठेवले आहे का, हे आधी बघतो. दहा ठिकाणी तेच वाक्य शब्दाला शब्द असेल तर ते दहा पुरावे नव्हेत, एकाच पोत्यातले दाणे आहेत. हे काम किचकट आहे, चहा गार होतो. आणि अर्थात हा शोध निवांत वेळी करायचा, साप चावल्यावर नव्हे.

ग्रुपवर मी चूक कबूल केली. काहींनी अंगठा दाखवला, बहुतेकांनी वाचलेही नसावे. यंदा मृगात तोच मेसेज एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून मला आला. लगेच फोन लावला, म्हटले, "अहो, हे चुकीचे आहे, पाठवू नका."

तो म्हणाला, "साहेब, असं कसं? हा तर तुम्हीच पाठवला होता."