तेराशे किलोमीटरांवरचा मांडव

कोल्हापुरात महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसावे आणि मध्ये कोठेही गाडी न बदलता गोंदियाला उतरावे. राज्याची हद्द न ओलांडता १,३०० किलोमीटरांहून अधिक प्रवास घडतो. तेथून पाचसहा किलोमीटरांवर आमचे नागरा. पुरातन शिवमंदिराचे आणि महाशिवरात्रीच्या यात्रेचे गाव.

धाकट्या भावाचे लग्न कोल्हापुरात झाले. गुडघ्यांमुळे मायला येता आले नाही. म्हणून माघात नागऱ्याला स्वागत-समारंभ करायचे ठरले आणि कोल्हापुरात बसून तो आखण्याचे काम मी अंगावर घेतले. विद्यार्थ्यांना निबंधाचे मुद्दे काढून देणारा माणूस मी; वहीत चोवीस कलमे काढली. गोंदियातला हॉल, उभ्याने जेवण, नवरानवरीला दोन सिंहासने, ऑर्केस्ट्रा! काही तरी खास आपले हवे, म्हणून पत्रिकेवर सारसाची जोडी छापली. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर सहसा गोंदियाच गाठायला हवे.

नागऱ्याचा चुलतभाऊ फोनवर प्रत्येक कलमाला एकच उत्तर देई, "होऊन जाईल." मायने मात्र सारी यादी ऐकून विचारले, "काकाजीला कोन बोलावनार?"

"पत्रिका पाठवली ना पोस्टाने."

"कागद पाठवल्यानं मानूस येते काय?"

धुऱ्यावरून वडिलांचे आणि काकाजींचे बिनसले, ते वडील गेले तरी मिटले नव्हते. अकरा वर्षे दोन्ही घरांत शब्द नव्हता. हे कलम माझ्या वहीत नव्हते!

चार दिवस आधीच निघालो. काकाजी छपरीत बसले होते. मी वाकून नमस्कार केला, अक्षता पुढे ठेवल्या. ते बोलेनात. मग पत्रिकेवरच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "हे पाखरू आपल्या बांधीतलं हाये."

एका पावसाळ्यात रोवणीनंतर सारसाने धुऱ्यालगत घरटे केले होते. धान मोडत होते. पण पिले बाहेर पडेपर्यंत त्यांनी तिकडे कोणाला फिरकू दिले नाही.

"बांधी कोणाची होती?" मी विचारले.

"तुझ्या बापाची. तो तिकडून राखे, मी इकडून. बोलत नव्हतो."

थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "पंगत कुठं हाये?"

मी हॉलचे नाव सांगितले.

"काहून? अंगण लहान पडलं?"

हॉलचे आगाऊ पैसे बुडाले. पण दारात बांबूचा मांडव पडला, वर जांभळीच्या डहाळ्या आल्या. पळसाच्या पत्रावळींवर चिन्नोरचा भात आणि वडे पडले. कोल्हापूरच्या सूनबाईंनी हट्टाने तांबडा रस्सा रांधला. पहिल्या घोटाला सारी आळी डोळे पुसू लागली आणि तरीही वाटी पुढे करू लागली. रात्री ऑर्केस्ट्र्याऐवजी गावच्याच पोरांची दंडार रंगली.

चोवीसपैकी एकोणीस कलमांवर मी काट मारली. उरलेल्यांत सारस होता.

पंगतीत काकाजी खांद्यावर पंचा टाकून भात वाढीत फिरत होते. मायच्या पानापाशी ते थबकले. मायने डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हटले, "वाढा, भाऊजी."

धुऱ्याची मोजणी अजून व्हायची आहे. चुलतभाऊ म्हणतो, होऊन जाईल.