डाव्या हाताचे हस्तांदोलन

समारंभाचे अध्यक्षस्थान हे प्राध्यापकाच्या कपाळी लिहिलेले एक अटळ प्रारब्ध आहे. शाल-श्रीफळाच्या मोबदल्यात आम्ही आजवर किती सभा कंटाळविल्या, याचा हिशेब चित्रगुप्तच ठेवो! परंतु गेल्या मार्गशीर्षात अंबाजोगाईनजीकच्या एका खेड्यात मुलींच्या गाइड पथकाच्या दीक्षाविधीस जाण्याचा योग आला, आणि तेथे मात्र कंटाळविण्याऐवजी स्वतःच ओशाळण्याची पाळी आमच्यावर आली.

मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या या गावच्या परिसरात 'दीक्षा' म्हटले की गुरू, मंत्र आणि वैराग्य हीच आठवायची. येथील दीक्षा निराळी. निळ्या गणवेशातील मुली नालाच्या आकारात उभ्या. एकेक पुढे येई, तीन बोटे उंचावी, आणि ईश्वर व देश यांविषयीचे कर्तव्य, इतरांस साहाय्य आणि गाइडच्या नियमांचे पालन असे त्रिविध वचन स्वमुखाने देई. मग बाई तिला बिल्ला लावीत. अशाच एका चिमुरडीने विधी आटोपून आमच्यापुढे डावा हात केला. डावा हात अशुभ मानण्याचे संस्कार पन्नाशी उलटली तरी सुटलेले नाहीत. आम्ही उजवा पुढे केला. "सर, डावा!" ती म्हणाली, आणि सारा नाल खुदकन हसला. डाव्या हातातील ढाल खाली ठेवल्यावाचून तो दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. म्हणून हे विश्वासाचे चिन्ह, असे बाईंनी आम्हांस मागाहून समजाविले.

१९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील बालवीरांच्या मेळाव्यात काही मुली निमंत्रणावाचून येऊन उभ्या राहिल्या. तेथून ही चळवळ निघाली. १९११ मध्ये ती जबलपुरास पोहोचली, आणि १९६६ मध्ये पुण्यात 'संगम' हे तिचे जागतिक केंद्र उघडले. प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार, असा तिचा जिना आहे.

आमच्या मुलींच्या आयुष्यात असा जिना कोठे असतो? बारशानंतर थेट बोहलेच! ज्या घरी मुंज होते तेथेही ती मुलग्याची. आणि लग्नात तरी मंगलाष्टके म्हणतात दुसरेच. वधू अंतरपाटाआड मुकी उभी. स्वतःच्या तोंडाने वचन देण्याचा पहिला मान या पोरींस त्या मैदानात मिळत होता. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे जेमतेम ८०७ मुली उरलेल्या या जिल्ह्यात ही गोष्ट लहान नव्हे.

नालात एक जागा रिकामी दिसली. आम्ही विचारले. "ती उसाला गेली," बाई म्हणाल्या. बीडकरास अधिक सांगावे लागत नाही. मुकादमाची उचल घेतली की दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड निघते ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. नवराबायकोच्या जोडीस तिकडे 'कोयता' म्हणतात, आणि जोडीस उचल मिळते म्हणून कोवळ्या पोरींचीही लग्ने उरकली जातात. सोपान चढण्यास महिने लागतात; मुलीस कोयत्याचे अर्धे अंग करण्यास एक दुपार पुरते.

बाईंनी कपाट उघडून घडी घातलेला एक स्कार्फ दाखविला. तीन महिने तिने तयारी केली होती. वचन तोंडपाठ होते. "पाडव्यानंतर आली की एकटीचा विधी करू," त्या म्हणाल्या. "आली की" हे शब्द त्यांनी किंचित थांबून उच्चारले.

आम्हांस त्या दिवशी बोलावे, शाल-श्रीफळ नको, एवढे सांगून आम्ही निघालो. कोणता हात पुढे करावयाचा, हे आता आम्हांस ठाऊक आहे.